पाळीच्या कळा आणि सुंठीचा काढा

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ओटीपोटात उठणाऱ्या कळा गर्भाशयाच्या स्नायूंच्या असतात. पाळी येण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे स्नायू आवळतात आणि अस्तर सुटून बाहेर पडतं. ही द्रव्यं जास्त झाली की स्नायू इतके आवळतात की त्यांचाच रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. मळमळ, जुलाब होतात त्यामागेही बहुधा हीच द्रव्यं असतात.

सुंठ उपयोगी पडते ती इथे. आल्यातले तिखट घटक प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याच्या वाटेवरच अडथळा आणतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांचं कामही याच वाटेवर चालतं. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम सुंठपूड दिल्यावर दुखणं कमी झाल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे. या चाचण्या लहान होत्या, त्यामुळे हमी नाही. पण करून बघण्यासारखं नक्की आहे.

कपभर पाण्यात पाव चमचा सुंठपूड घालून पाचेक मिनिटं मंद उकळा. तिखट लागलं तर गुळाचा छोटा खडा टाका. तळाला बसलेली पूड फेकू नका, ढवळून तीही प्या. असा काढा दिवसातून दोन-तीनदा पुरे. कळा शिगेला पोचायची वाट पाहू नका. पोट जड वाटू लागलं की पहिला कप घ्या, कारण आधीच तयार झालेली द्रव्यं सुंठ काढून टाकू शकत नाही.

बडीशेपेच्या पाण्यानेही काहींना आराम पडतो. सोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा. शेकाने स्नायू सैलावतात. चहा मात्र जेवणाबरोबर नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं आणि पाळीत लोह आधीच जात असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठीचा काढा घेऊ नका. तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, दुखणं दर महिन्याला वाढत असेल किंवा पाळी संपल्यावरही राहत असेल, तर काढ्यावर दिवस काढू नका. एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइडसारखा आजार असू शकतो. ‘बायकांना दुखायचंच’ असं म्हणून मुलीला गप्प बसवू नका. तिला तपासणीला घेऊन जा.