सजद्यात धाप लागते तेव्हा

रमजानच्या रात्री इशानंतर तरावीहची नमाज होते. कुठे आठ रकात, कुठे वीस. उभे राहायचे, रुकूत कमरेतून वाकायचे, सजद्यात कपाळ जमिनीला टेकवायचे, पुन्हा उभे राहायचे. एरवी ठणठणीत दिसणाऱ्या पन्नाशी-साठीच्या माणसाला यात कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. तो उभा असतो तोवर ठीक असतो. वाकला की दहा-वीस सेकंदांत श्वास कोंडतो, आणि ताठ झाला की बरे वाटते. घरी तो सांगतो, "इफ्तारीला जरा जास्त झालं." घरचेही मान डोलावतात.

या त्रासाला वैद्यकात नाव मिळाले ते अगदी अलीकडे. अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हृदयाची ताकद कमी झालेल्या १०२ रुग्णांना खुर्चीत बसवून पुढे वाकायला आणि हाताने पाय धरायला सांगितले. त्यातल्या २९ जणांना अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागली. तपासणीत दिसले, की या मंडळींच्या हृदयात वाकण्यापूर्वीच दाब वाढलेला होता आणि वाकल्यावर तो आणखी वाढत होता. या लक्षणाला 'बेंडॉप्निया' म्हणतात. बुटाची नाडी बांधताना, अंगणात रांगोळी काढताना, देवाला दंडवत घालताना होणारा त्रास तोच. पोट सुटलेल्या माणसालाही वाकताना अवघड होते, त्यामुळे लगेच घाबरून जायचे कारण नाही. पण त्याच्या जोडीला पायांवर सूज, जिना चढताना दम आणि रात्री एकाऐवजी दोन उश्या लागणे सुरू झाले असेल, तर दोष भज्यांना देऊन चालणार नाही.

हे दुखणे म्हणजे हार्ट फेल्युअर. या नावानेच अर्धा घोटाळा केला आहे. मराठीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. उर्दू वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांतही 'हरकत-ए-क़ल्ब बंद' होणे म्हणजे मृत्यूच. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर हे दोन शब्द लिहिले, की घरचे एक तर रडायला लागतात, नाही तर 'माणूस समोर चालतोय, डॉक्टर काहीही लिहितात' म्हणून कागद घडी घालून ठेवतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडलेले नसते. ते चालू असते, पण शरीराला लागते तितके रक्त पुढे ढकलू शकत नाही, किंवा भिंती ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही. हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते. अटॅकमधून वाचलेल्या माणसाचा काही स्नायू मेलेला असतो आणि पुढे त्यातून हार्ट फेल्युअर उद्भवू शकते, एवढाच दोघांचा संबंध.

सूज आणि धाप कुठून येते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण रोजा धरणाऱ्याच्या शरीरात दुपारी जे घडते त्याच्याशी त्याचे नाते आहे. उन्हात पाणी न पिता काही तास गेले, की मूत्रपिंडे सावध होतात. संप्रेरकांची एक साखळी सुरू होते आणि मीठ-पाणी शरीरातच रोखून धरले जाते. लघवी कमी आणि गडद होते. ही निसर्गाची काटकसर आहे. हृदय दुबळे झाले तरी मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचते. ती समजतात, शरीर तहानलेले आहे. खरे तर पाणी भरपूर असते, तरी ती साठवतच राहतात. हे पाणी पायांत उतरते, पोटात साचते, फुप्फुसांत चढते. हृदयावरचा बोजा वाढतो, ते आणखी थकते, आणि मूत्रपिंडे आणखी पाणी धरतात. गेल्या चाळीस वर्षांतले बरेचसे उपचार हे चक्र तोडण्यासाठीच शोधले गेले.

भारतात हा आजार लवकर गाठतो. देशातल्या ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद झाली, तीत सरासरी वय साठीच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या पुढे असते. आपल्याकडच्या दहापैकी सात रुग्णांच्या मागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. त्याच्या मागे तंबाखू, मधुमेह आणि वर्षानुवर्षे न तपासलेला रक्तदाब ही नेहमीचीच मंडळी. काही रुग्णांत लहानपणीच्या संधिवाती तापाने झडपा खराब केलेल्या असतात. काहींना दारू भोवते, काहींना कर्करोगाची काही औषधे. एक कारण मात्र घराघरांत हमखास दुर्लक्षिले जाते. बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच्या काही महिन्यांत क्वचित एखाद्या तरुण स्त्रीचे हृदय एकाएकी दुबळे होते. तिला धाप लागते, पाय सुजतात, आणि सासरमाहेरचे दोन्हीकडचे लोक म्हणतात, 'बाळंतिणीला अशक्तपणा असतोच.' आडवे झाल्यावर श्वास कोंडणे म्हणजे अशक्तपणा नव्हे.

त्याच नोंदीत नव्वद दिवसांत शंभरातले चौदा रुग्ण दगावले. केरळमधील तिरुवनंतपुरमच्या नोंदीत १,२०५ रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा पाच वर्षांत ५९ टक्के मृत्यू दिसले. अनेक कर्करोगांपेक्षा हा आकडा वाईट आहे. पण कर्करोग म्हटले की सारा मोहल्ला गोळा होतो, आणि हार्ट फेल्युअरचा रुग्ण गोळ्या संपल्या तरी पुढच्या पगाराची वाट पाहतो.

उपचारांची गोष्ट मात्र आशेची आहे, आणि मजेशीरही. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून डिजिटॅलिस हे औषध आले, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षे विश्रांती, डिजिटॅलिस आणि लघवी वाढवणारी औषधे याच्यापलीकडे फारसे काही नव्हते. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत एनालाप्रिल या गोळीने अत्यवस्थ रुग्णांतले सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आणले. वर सांगितलेली संप्रेरकांची साखळी तोडणारे हे औषध.

बीटा ब्लॉकरची कथा तर विद्यार्थ्यांना शिकवावी अशी आहे. ही औषधे हृदयाचा वेग आणि जोर कमी करतात, म्हणून दुबळ्या हृदयाला ती विषच, असे पुस्तकांत छापलेले होते. १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातील डॉक्टरांनी सात रुग्णांना ती देऊन सुधारणा दाखवली. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दाखवले, तेव्हा कुठे पुस्तके बदलली. चोवीस वर्षे गेली. थकलेल्या घोड्याला चाबूक मारण्यापेक्षा त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवावे, एवढीच ती गोष्ट होती.

सर्वांत नवे औषध सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून निघाले, असे म्हटले तरी चालेल. या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा केला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते. पुढे त्याच धर्तीवर मधुमेहाच्या गोळ्या तयार झाल्या: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. हृदयाला त्या सुरक्षित आहेत ना, हे तपासताना २०१५ मध्ये दिसले, की हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. मग २०१९ मध्ये ४,७४४ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. मधुमेह असो वा नसो, फायदा सारखाच. भिंती ताठर झालेल्या हृदयासाठी तोवर ठोस औषध जवळपास नव्हते. तिथेही २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत या गोळ्यांनी भरती होणे कमी झाले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. आता अनेक देशी कंपन्या ती बनवतात आणि किमती पूर्वीच्या मानाने बऱ्याच उतरल्या आहेत.

हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णाला आज चार प्रकारची औषधे एकत्र देण्याचा प्रघात आहे, आणि ती लवकर वाढवण्याचाही. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दवाखान्यातून घरी सोडल्यावर दोनच आठवड्यांत मात्रा पूर्ण करत नेली आणि वारंवार तपासणी केली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३ ऐवजी १५ टक्के राहिले. राष्ट्रीय नोंदीत मात्र योग्य औषधे मिळणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी निघाले.

देखरेखीची साधने पुष्कळ आली आहेत. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक पदार्थ सोडते. त्याची रक्तचाचणी धाप हृदयाची की फुप्फुसाची हे ठरवायला मदत करते. अमेरिकेत २०१४ पासून फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा छोटा संवेदक मिळतो. दाब वाढल्याची खबर तो धाप लागण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांना देतो. तालुक्याच्या गावात तो कोण बसवणार, हा प्रश्न आहेच. पण तेच काम बऱ्याच अंशी घरचा वजनकाटा करतो. रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी वजन करायचे आणि वहीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नसते, पाणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

रमजानात ही वही सहरीपूर्वी उघडायची. रोजा धरायचा की नाही, यावर आखाती देशांत अभ्यास झाला आहे. सौदी अरेबियातील २४९ रुग्णांच्या पाहणीत बहुतेकांनी महिनाभर रोजे धरले आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांची प्रकृती स्थिर राहिली. ज्यांची बिघडली त्यांच्यात पाणी, मीठ आणि गोळ्यांचे पथ्य मोडणारे जास्त होते. पण ही स्थिर रुग्णांची गोष्ट झाली. नुकतेच दवाखान्यातून आलेले, बसल्याजागी धाप लागणारे, मूत्रपिंडे बिघडलेले किंवा ज्यांच्या औषधांची मात्रा अजून बदलते आहे, त्यांना डॉक्टर रोजा धरू नका असेच सांगतात. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातच आजारी माणसाला सवलत आहे. बरा होण्याजोगा आजार असेल तर रोजे नंतर भरून काढायचे, कायमचा असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे, त्याला फिदया म्हणतात. तरीही वडीलधारे ऐकत नाहीत. शेजारच्या घरात एकादशी आणि नवरात्राच्या उपासाला आजीबाई ऐकत नाहीत, त्यातलाच प्रकार.

रोजा धरायला परवानगी मिळाली, तर वेळापत्रक रमजानच्या आधीच बदलून घ्यावे. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सहरी-इफ्तारीला बसतात. तीनदा घ्यायच्या असतील तर डॉक्टर दुसरी गोळी देऊ शकतात. लघवीच्या गोळीची वेळ आणि मात्रा स्वतःच्या मनाने ठरवू नये, उन्हाळ्यात तर नाहीच. दिवसभराचे पाणी मगरिबच्या अजानबरोबर एका दमात पिऊ नये, रात्रभर थोडे थोडे घ्यावे. पाणी आणि मिठाची जुनी कडक बंधने हल्लीच्या चाचण्यांत थोडी सैल झाली आहेत. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांत मीठ फारच कमी करून मृत्यू किंवा भरती घटली नाही. म्हणून लोणचे, पापड आणि बाजारच्या सामोशांना मोकळीक मिळाली असे मात्र नाही. उभे राहून अंग दुखले म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणणे हे त्याहून धोक्याचे. या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांना त्रास देतात.

मोठा धोका मात्र बरे वाटण्यात आहे. लंडनमध्ये हृदय पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांवर चाचणी झाली. त्यातल्या २५ जणांची औषधे देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला. औषधे चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही. ईदच्या शीरखुर्म्यानंतर गोळ्यांचा डबा कपाटात सरकवणाऱ्यांच्या घरी वहीतले आकडे पुढच्या आठवड्यांत काय सांगतात, ते घरच्यांनी पाहायला हवे. डबा रिकामा होण्याच्या आठ दिवस आधी नवी पाने आणून ठेवण्याचे काम घरातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोपवता येते. वजनाची वहीही त्यांच्याच हातात द्यावी.