टाकी कधीच भरत नाही?

रत्नागिरीजवळच्या पावस आणि आसपासच्या वाड्यांमध्ये सेप्टिक टाकीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: "वीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही. उत्तम बांधलीय!" अहो, अशी टाकी बहुधा गळकी असते.

चांगली टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत भरते आणि कायम तेवढीच राहते. येईल तितकं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं, गाळ तळाशी साचत जातो. म्हणून झाकण उघडून बघा. वापरातल्या टाकीतली पातळी पाइपाच्या बरीच खाली असेल, तर मैलापाणी जमिनीत मुरतंय. जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेल्या, तळाला काँक्रीट नसलेल्या टाकीत हेच होतं. जांभा सच्छिद्र, भेगांचा. त्यात रत्नागिरीचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस. पावसाळ्यात भूजल वर चढतं आणि हे मैलापाणी विहिरीपर्यंत पोहोचू शकतं. विहीर नितळ दिसते म्हणून काय झालं? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आयएस 2470 या भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर हवा. भेगाळ कातळात तेवढ्यावरही विसंबू नये.

"तुंबली की बोलवू गाडी" हा हिशेबही तोट्याचा. तुंबण्याआधीच गाळ वाहत जाऊन शोषखड्डा बुजवतो, आणि कातळात नवा खड्डा खणणं उपशापेक्षा कितीतरी महाग पडतं. दोन-तीन वर्षांनी उपसा करावा, असं केंद्र सरकारची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. गणपती-शिमग्याला चाकरमान्यांनी घर भरत असेल, तर आणखी लवकर. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी तक्रारीची वाट न बघता तीन वर्षांच्या चक्राने टाक्या उपसायला सुरुवात केली. उपसलेल्या मैल्यावर प्रक्रियाही होते. ग्रामपंचायतीने वाडीवार वेळापत्रक लावलं, तर एका फेरीत शेजारची घरंही उरकतील.

यीस्ट किंवा जंतूंची पावडर टाकून उपसा टळत नाही. ॲसिड ओतलं तर मैला कुजवणारे जंतूच मरतात.

आणि "काडी पेटवून बघितली, आत उतरायला हरकत नाही" हे तर जीवघेणं आहे. मिथेन भडकतो, हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत बेशुद्ध करतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. पावसाळा संपला की गाडी ठरवा, आणि गाळ नाल्यात ओतणार नाही ना, हे आधी विचारून घ्या.