मृगापूर्वी घराची डागडुजी

भातशेती करणारा शेतकरी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी राब भाजतो, बांधबंदिस्ती करतो, नांगर व जू दुरुस्त करतो आणि बियाणे तयार ठेवतो. परंतु ज्या घरात ते बियाणे ठेवावयाचे व ज्या गोठ्यात बैल बांधावयाचे, त्या घरागोठ्याकडे त्याचे लक्ष बहुधा पहिली सर आल्यावरच जाते. त्या वेळी कौलांवर चढणे धोक्याचे असते, माती वाळत नाही आणि घरातील प्रत्येक माणूस लावणीच्या कामात गुंतलेला असतो. चैत्र-वैशाखात दोन दिवसांत झाले असते ते काम मग आषाढात होत नाही, आणि दिवाळीपर्यंत एका वाशाचे नुकसान साऱ्या पाख्यापर्यंत पोहोचते.

रायगड जिल्ह्यातील कासू हे गाव पेण व नागोठणे यांच्या दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावर वसले आहे. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस आंबा नदी व धरमतर खाडीच्या बाजूची सखल खारजमीन, अशी या भागाची ठेवण आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. याचा हिशेब घरापुरता करून पाहण्यासारखा आहे. एक हजार चौरस फूट जागा झाकणाऱ्या छपरावर एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. हे पाणी कोठून उतरते, कोठे पडते व पुढे कोठे जाते, यावरच घराचे आयुष्य अवलंबून असते.

खारजमिनीच्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. बांधातील खेकड्याचे बीळ वेळीच बुजविले नाही, तर भरतीच्या पाण्याने तेथेच खांड पडते आणि एका बिळापायी सारे शेत खारे होते. घराचेही तसेच आहे. म्हणून घराच्या डागडुजीत एक नियम कधीही मोडू नये : अगोदर पाण्याची वाट बंद करावी, मग गिलावा व रंग यांचा विचार करावा. काम नेहमी वरून खाली करीत यावे. प्रथम छप्पर, मग वळचण, मग भिंती, शेवटी जोते व अंगण.

छपराची शाकारणी

छपराची तपासणी भर दुपारी घरातून करावी. दारे-खिडक्या लावून वर पाहिले असता जेथून उजेड दिसेल तेथून पाणीही येणार, असे समजावे व त्या जागी वाशावर कोळशाने खूण करावी. गेल्या वर्षी जेथे पाणी ठिबकले तेथेच भोक असेल असे मात्र धरून चालू नये. पाणी वाशावरून वाहत बरेच खाली येते आणि मग ठिबकते. यास्तव डागाची रेघ वरच्या बाजूस शोधीत जावे.

कौले उतरवून झाडावी, त्यांच्या पन्हळीतील शेवाळ व पालापाचोळा काढावा. कौल बोटाने वाजवून पाहिल्यास चांगले कौल खणखणीत वाजते. तडा गेलेले बद्द वाजते. असे कौल गोठ्यावरही पुन्हा चढवू नये. मंगळुरी कौलाच्या छपरास उतार किमान दोन हातांस एक हात असावा. कोकणातील पावसात त्याहून अधिक असल्यास उत्तमच. उतार कमी असेल तर कौले कितीही नवी असली तरी वाऱ्याबरोबर पाणी मागे चढते. नव्या रीपा ठोकताना जुन्या मापावर विसंबू नये. कारखान्यागणिक कौलाचे माप थोडे बदलते. म्हणून विकत आणलेली दोन कौले जमिनीवर एकमेकांत बसवून पाहावी आणि त्यावरून रीपांमधील अंतर ठरवावे.

आढ्यावरील कौलांखालचा गिलावा दरवर्षी तपासावा. तो निव्वळ सिमेंटचा असल्यास उन्हाने लवकर तडकतो. सिमेंट एक भाग, चुना एक भाग व वाळू सहा भाग असे मिश्रण अधिक टिकाऊ ठरते.

कौलांवर उभे राहून काम करू नये. दोन-तीन वाशांवर भार पडेल अशी फळी आडवी टाकावी, तिला दोर बांधावा आणि तिच्यावर बसून काम करावे. शिडीचे पाय एका माणसाने धरलेले असावेत. घरात येणारी विजेची तार छपराजवळून जात असेल, तर वीज कंपनीच्या माणसाकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय वर चढू नये.

वाऱ्याचा बंदोबस्त

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची छपरे उडविली. पाऊस पुरता सुरू होण्यापूर्वीच लोक उघड्यावर आले आणि कौले व पत्रे यांचा तुटवडा पडला. या वादळाने शिकविलेला धडा असा की, वारा छपरास नुसता ढकलत नाही, तर वर उचलतो. ही ओढ वळचण, आढे व पाख्याच्या कडा येथे सर्वांत अधिक असते.

म्हणून वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी, आढ्यालगतची ओळ आणि दोन्ही कडांची कौले जस्ताच्या मुलाम्याच्या तारेने रीपेस बांधावी. कौलाच्या मागील बाजूस तारेसाठी ठेवलेले भोक असते. पुष्कळ घरांत त्याचा उपयोगच केलेला नसतो. परंतु रीप वाशास, वासा पाटणीस आणि पाटण खांबास घट्ट जखडलेली नसेल, तर कौले बांधून लाभ नाही. लोखंडी पट्टी व बोल्ट वापरून हे सांधे पक्के करावे. पत्र्याच्या छपरात आकडे पत्र्याच्या उंचवट्यावर बसवावे, खोलगट भागात बसवू नये. कारण पाणी खोलगट भागातूनच वाहते. जुने सिमेंटचे पत्रे करवतीने कापू नयेत किंवा फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असल्यास त्याची धूळ फुप्फुसांस अत्यंत घातक असते.

भिंती आणि लोणा

पश्चिम व नैर्ऋत्य दिशेच्या भिंतींस झडीचा मारा अधिक बसतो. या बाजूस नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची जुनी रीत उत्तम आहे. झाप भिंतीस चिकटवून न बांधता चार-सहा बोटे अंतर ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळती राहील.

मातीच्या किंवा कारवीच्या कुडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची चूक अलीकडे सर्रास होते. सिमेंट मातीस धरत नाही आणि आतील ओल बाहेर पडू देत नाही. वरून भिंत चकचकीत दिसते, आतून ती गळत जाते. मातीच्या भिंतीस मातीचाच गिलावा करावा. माती पारखण्यासाठी बाटली एकतृतीयांश मातीने भरून वर पाणी घालावे व खूप हलवून ठेवावी. मिनिटभरात तळाशी बसते ती रेती, नंतर तासाभरात बसते ती पोयटा, आणि ज्यामुळे पाणी दिवसभर गढूळ राहते ती चिकणमाती. चिकणमाती फार असल्यास गिलावा तडकतो, फार थोडी असल्यास झडतो. मातीत बारीक कापलेला भाताचा पेंढा घालून ती आठवडाभर भिजत ठेवावी व रोज तुडवावी. पहिला थर वाळून तडे पडल्यावर ते भरणारा पातळ दुसरा थर द्यावा आणि शेवटी शेणमातीचा हात फिरवावा.

झडीच्या भिंतीसाठी रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने न धुपणारा मातीचा गिलावा सुचविला आहे. त्यात एक घनमीटर मातीस ६० ते ६५ किलो पेंढा किंवा भुसा आणि जवळजवळ तेवढेच रॉकेलने पातळ केलेले डांबर मिसळतात. डांबर तापविल्यावर विस्तवापासून पुष्कळ दूर आणूनच ते रॉकेलमध्ये घालावे; चुलीजवळ हे काम कदापि करू नये.

कासूसारख्या खाडीलगतच्या भागात आणखी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. खारातील माती, खाडीची रेती व मचूळ पाणी घराच्या कामास वापरू नये. अशा मातीतील क्षार पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागावर येतो, पाणी सुकते व क्षाराची पांढरी बुकणी मागे राहते. यासच लोणा लागणे म्हणतात. लोण्याने गिलावा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. सिमेंटच्या स्लॅबमध्ये खारी रेती गेल्यास आतील सळया गंजून फुगतात आणि त्यावरील काँक्रीट फोडून काढतात. लोणा लागलेल्या भागावर रंग देणे व्यर्थ होय. तो गिलावा खरवडून भिंत कोरड्या ब्रशाने झाडावी, ओल कोठून येते ते शोधावे आणि ती थांबवून भिंत पुरती सुकल्यावरच नवा गिलावा करावा. गणपतीचे आगमन जवळ आले म्हणजे भर श्रावणात ओल्या भिंतीस चुना काढण्याची घाई होते. तो चुना दसऱ्यापर्यंतही टिकत नाही. घराची रंगरंगोटी वैशाखातच उरकावी.

पागोळ्या, जोते व सांडपाणी

वळचण भिंतीपासून किमान दोन फूट पुढे असावी. पागोळ्या जेथे पडतात तेथे माती उखडते आणि चिखल उडून भिंतीचा पायथा भिजतो. बहुतेक मातीच्या भिंती पायथ्यापासूनच खचतात. म्हणून पागोळ्यांच्या रेषेवर दगडगोटे किंवा फुटक्या कौलांचे तुकडे ठोकून बसवावे. जोत्यालगत दोन ते तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतरती पट्टी दगड-मुरमाने बांधावी व पुढे पाणी नेणारी चर काढावी. बांबू उभा चिरून आतील पेरे काढल्यास चांगली पन्हळ होते.

न्हाणीचे सांडपाणी मुरविण्यास एक मीटर लांब, रुंद व खोल असा, विटांच्या व दगडांच्या तुकड्यांनी भरलेला शोषखड्डा सुचविला जातो. चढाच्या जागी तो उपयोगी आहे. परंतु सखल जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येते आणि खड्डा तुडुंब भरून राहतो. तेथे सांडपाणी उताराच्या चरीने परसात नेऊन केळी, अळू व कर्दळीस द्यावे. दोन्ही बाबतींत विहिरीपासून किमान ५० फूट अंतर राखावे.

लाकूड, बांबू व धान्य

वाळवी जमिनीतून मातीची नळी करून वर चढते. खांब, दाराची चौकट व भिंतीचे कोपरे दर महिन्यास पाहावे. नळी दिसताच ती खरवडावी आणि लाकडाचा जमिनीशी असलेला संबंध तोडावा. खांब दगडाच्या बैठकीवर उभा करावा. वाशांची भिंतीत जाणारी टोके डांबराने रंगवावी. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडास लावतात. ते गुणकारी आहे, परंतु त्वचा भाजते. म्हणून हात झाकून काम करावे. बांबू तीन ते चार वर्षे वयाचा घ्यावा व तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्ठ पदार्थ निघून गेल्याने भुंगा कमी लागतो.

भाताची कणगी भिंतीस टेकवू नये. ती लाकडी फळीवर, भिंतीपासून एक फूट दूर ठेवावी. बियाण्याच्या भातात ओलावा १३ टक्क्यांहून अधिक गेल्यास त्याची उगवणशक्ती कमी होऊ लागते. गळक्या कौलाची खरी किंमत पुष्कळदा पुढल्या वर्षीच्या विरळ रोपवाटिकेत दिसून येते.

स्वतः करू नये अशी कामे

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. तडा हलता आहे किंवा नाही हे ओळखण्यास त्यावर चुन्याची आडवी पट्टी ओढून तारीख लिहावी. महिन्याभरात पट्टी तुटली तर पाया खचत आहे असे समजावे व जाणत्या गवंड्यास बोलवावे. ओळंब्यातून सुटलेली भिंत, वाकलेले आढे, सळया उघड्या पडलेला स्लॅब व विजेची जोडणी ही कामे घरच्या घरी करू नयेत. मातीची भिंत बहुधा संततधारेच्या रात्री कोसळते. अशा भिंतीलगत मुलांचे अंथरूण किंवा गुरांची दावण ठेवू नये. हा बदल करण्यास एक पैसाही लागत नाही आणि तो त्याच दिवशी करता येतो.

गावातील कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ उपदेश न करता चैत्रात गावातील एक घर निवडून वरील सर्व कामे क्रमाने करून दाखवावी. शेतकामासाठी जशी सावड करतात, तशी पाच-सहा कुटुंबांनी शाकारणीसाठी करावी. एक दिवस एकाचे घर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे. ज्या घरात म्हातारी माणसेच राहतात किंवा कर्ता पुरुष नोकरीसाठी मुंबईस असतो, ते घर सर्वांत अगोदर घ्यावे. तार, रीपा व कौले एकत्र आणल्यास गाडीभाडे वाचते आणि प्रत्येक वाडीत पन्नास-शंभर कौले राखून ठेवता येतात. वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात हा साठा मोलाचा ठरतो.

पहिली सर पडेल त्या दिवशी घरातील एकाने शेतावर न जाता घर पाहावे. जेथे ठिबकेल तेथे कोळशाने खूण करावी आणि उघडीप मिळताच तेवढी कौले नीट करून घ्यावी. त्यानंतर निश्चिंत मनाने लावणीस लागावे.