खळीपूजा : नव्या धान्याचा सण



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या नरोली परिसरात भाताची कापणी सुरू होते. दादरा व नगर हवेलीतील आदिवासी समाजांत कापणीपूर्वी ग्रामदेवीची पूजा आणि कापणीनंतर खळीपूजा करण्याची परंपरा आहे.

खळी म्हणजे खळे, मळणीची जागा. जमीन चोपून सपाट करतात, शेणाने सारवतात व मधोमध खांब रोवतात. भाताच्या पेंढ्या पसरून खांबाभोवती बैल फिरवले की दाणे सुटतात. मग सुपाने वाऱ्यावर उफणून फोल वेगळे करतात. धान्याची रास लागली की पूजा होते. वारली समाज धान्याला कणसरी देवी मानतो. नवे धान्य आधी देवाला, मग आपल्याला, असा नियम आहे. याच दिवसांत तारपा घुमतो. सुकवलेला दुधी भोपळा व बांबू यांपासून बनलेले हे वाद्य वाजवणाऱ्याला मध्ये ठेवून सर्वजण फेर धरतात. हा फेर व ही मळणी आपण वारली चित्रांत पाहतो. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या मराठी घरांतही हाच भाव आहे. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या व आंब्याची पाने एकत्र बांधून दाराला लावतात. त्याला 'नवे' म्हणतात. संक्रांतीला सुगडात हरभरा, ऊस, बोरे भरतात. नावे वेगळी, पण अर्थ एकच : अन्नाविषयी कृतज्ञता.

आज आपल्या भागात कारखाने वाढले. अनेक घरांना रोजगार मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शेती कमी झाली आणि मळणी यंत्राने होऊ लागली. खळे कधीच न पाहिलेली मुले आज आपल्या वर्गांत आहेत. खळेच राहिले नाही, तर खळीपूजा केवळ पुस्तकातील शब्द बनेल.

म्हणून मुलांनो, पाड्यावरून येणाऱ्या आपल्या वर्गमित्राला त्याच्या घरची खळीपूजा विचारा. या विषयात तोच आपला शिक्षक आहे. त्याची आजी जे सांगेल, ते वहीत लिहून ठेवा. विश्वस्त मंडळास नम्र विनंती, की शाळेच्या आवारात भाताचा एक छोटा वाफा करण्यास जागा द्यावी. मुलांनीच रोपे लावावीत, कापणी करावी आणि छोटेसे खळे सारवून पूजाही करावी.

आपल्या हाताने एक ओंजळ भात पिकवणारे मूल डब्यातील घास कधीही टाकणार नाही, असा माझा विश्वास आहे.

– मुख्याध्यापक