अन्न अंगी लागते म्हणजे काय?

‘पोर खाते पुष्कळ, पण अंगी लागत नाही,’ अशी तक्रार शिक्षकांच्या कानी वारंवार येते. या घरगुती बोलण्यात शरीरशास्त्रातील एक महत्त्वाचे तथ्य दडलेले आहे. पोटात गेलेले अन्न तेवढ्याने शरीरात गेले असे होत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही आरपार पोकळ नळी होय. तीत असलेला घास शास्त्रीय दृष्टीने शरीराबाहेरच असतो. नळीची भिंत ओलांडून तो रक्तात उतरला म्हणजे मगच तो अंगी लागला. हे कार्य जठरात होते असा पुष्कळांचा समज आहे, परंतु ते मुख्यत्वे लहान आतड्यात घडते.

‘लहान’ हे विशेषण फसवे आहे. हे आतडे रुंदीने लहान, पण लांबीने मोठ्या आतड्याहून कितीतरी अधिक. जिवंत प्रौढ माणसात ते सुमारे तीन ते पाच मीटर भरते. तेथे स्वादुपिंडाचा रस व यकृतातील पित्त अन्नात मिसळून पिष्टाचे ग्लुकोज, प्रथिनांची ॲमिनो आम्ले व स्निग्ध पदार्थांची मेदाम्ले होतात.

आता भिंतीची रचना पाहावी. तिला आतून आडव्या वळ्या असतात. वळ्यांवर सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात. आणि रसांकुरावरील प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर पुन्हा सूक्ष्मदर्शकानेच दिसतील असे हजारो केसर असतात. वर्गात हे समजावण्यास साधा पंचा व तेवढ्याच आकाराचा रुवेदार सोलापुरी टॉवेल पाण्यात बुडवून पिळून दाखवावा. टॉवेल अधिक पाणी धरतो, कारण त्याच्या रुव्यांमुळे पृष्ठभाग वाढलेला असतो. मात्र टॉवेल येईल ते पाणी टिपतो, आतड्याची भिंत निवड करते, हा भेदही सांगावयास विसरू नये. या पृष्ठभागाची टेनिसच्या मैदानाशी केलेली तुलना जुन्या पुस्तकांत आढळते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद वर्गखोलीच्या जमिनीएवढा आहे. पोटाच्या पोकळीत दुमडलेल्या नळीला हेही थोडे नव्हे.

प्रत्येक रसांकुरात केशवाहिन्यांचे जाळे व मध्यभागी एक लसीकावाहिनी असते. ग्लुकोज व ॲमिनो आम्ले केशवाहिन्यांतून प्रथम यकृताकडे जातात. स्निग्धांश बहुतांशी लसीकेच्या वाटेने फिरून मागाहून रक्तास मिळतो. लोह आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते, तर ‘बी-१२’ जीवनसत्त्व अगदी शेवटच्या भागात. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तीतील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमके उलट करतो.

ग्लुकोजची वाट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पेशीच्या दारातून ते एकटे आत येत नाही. मिठातील सोडियमची जोड घेऊनच येते, आणि त्या दोहोंमागोमाग पाणीही ओढले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग येथे मांडली. पटकीत आतड्यातून पाण्याचा लोंढा वाहू लागतो, तरी हे दार उघडेच राहते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे द्यावयाचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांस तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते शेकडा चारच्याही खाली आले.

रसांकुरांवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. या नव्या पेशींच्या घडणीस अन्न लागते. म्हणून हगवण लागलेल्या मुलाला उपाशी ठेवण्याची रूढी घातक होय. त्याला मऊ भात, खिचडी, आणि तान्हे असल्यास आईचे दूध चालूच ठेवावे. उलटपक्षी, दूषित पाणी व अस्वच्छ हात यांमुळे जंतूंचा मारा सतत होत राहिला तर रसांकुर खुरटतात. असे मूल शाळेतील पोषण आहार पोटभर खाऊनही वाढत नाही. अशा वेळी ताटात आणखी वाढण्याने दोष पुरता दूर होत नाही. पाण्याची टाकी व हात धुण्याची जागा तपासावी लागते.

शाळेत जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. माप अंदाजाने घेऊ नये. साखर अधिक झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. मीठ अधिक झाल्यास मुलास अपाय होतो. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मूल सुस्त पडले, त्याला पिणे जमेना, वा शौचात रक्त दिसले, तर पाणी पाजीत बसून वेळ न दवडता त्याला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे.