गोठवून ठेवलेलं रक्त

मागच्या लेखात आपण ५ जून १९८१ या तारखेपाशी थांबलो. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलैंगिक पुरुषांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद त्या दिवशी अमेरिकी सरकारच्या आरोग्य साप्ताहिकात छापून आली. एड्सची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. पण आगीची वर्दी गेली १९८१ मध्ये. घर त्याच्या आधी निदान तीन वर्षं धुमसत होतं.

याचा पुरावा सॅन फ्रान्सिस्कोत सापडला. तिथल्या सरकारी गुप्तरोग दवाखान्यात १९७८ ते १९८० या काळात सुमारे ६,७०० समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. उरलेले नमुने गोठवून ठेवले होते. पुढे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एड्सचा विषाणू हाती लागला, पाठोपाठ चाचणी आली आणि त्या जुन्या नळ्या पुन्हा बाहेर निघाल्या. तपासलेल्यांपैकी १९७८ मध्ये शेकडा चार-पाच जणांनाच लागण झालेली दिसली. १९८४ पर्यंत हेच प्रमाण शेकडा ६७ वर पोचलं होतं. सहा वर्षांत!

इतक्या झपाट्यानं कसं पसरलं? लोकांनी कारण चारित्र्यात शोधलं, अजूनही शोधतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. विषाणूला शरीर कळतं, चारित्र्य नाही. गुदाशयाचं अस्तर एकाच थराचं, नाजूक असतं. योनीच्या अस्तराला अनेक थर असतात. म्हणून गुदसंभोगात लागण कितीतरी सहज होते. शिवाय इथे एकच पुरुष संबंधात दोन्ही भूमिका घेऊ शकतो; त्यामुळे आज त्याला लागण होऊ शकते आणि उद्या त्याच्याकडून दुसऱ्याला.

त्यात या आजाराची चाल फसवी. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ताप येतो, घसा धरतो, कधी अंगावर पुरळ उठतं. क्रोसिनवर भागतं, माणूस कामावर जातो. नेमक्या याच दिवसांत रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असते. मग उपचाराविना साधारण दहा वर्षं काहीच जाणवत नाही. दरम्यान रोगांशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी घटत जातात; त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेल्या की एड्स.

आता चित्र बदललं आहे. युरोपातल्या एका अभ्यासात ७८२ समलैंगिक जोडपी होती, प्रत्येकात एकाला लागण, पण औषधांनी विषाणू पूर्ण दबलेला. कंडोमविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून लागण झालेला एकही जण निघाला नाही. हा निष्कर्ष २०१९ चा.

आपल्याकडे पुरुषांशी संबंध ठेवणारे कित्येक पुरुष लग्न झालेले आहेत. डॉक्टरांसमोरही ते तोंड उघडत नाहीत, आणि घरी बायकोला कशाचीच कल्पना नसते. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. तपासणी मोफत आहे, लागण निघाली तर औषधंही मोफत आहेत, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. आधी नुसतं बोलायचं असेल, तर १०९७ हा क्रमांक फिरवा.