शिफूचा हात

चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेस, वेनश्येन तालुक्यात चेनजियागोउ नावाचे एक खेडे आहे. शेतीवर गुजराण करणाऱ्या या खेड्याचे नाव दूरवर पोहोचले ते तेथील चेन कुळाने सतराव्या शतकापासून जतन केलेल्या एका विद्येमुळे. ही विद्या म्हणजे ताइजीच्युएन, जी आपण ‘ताई-ची’ या नावाने ओळखतो आणि जी पहाटे उद्यानांतून वृद्ध मंडळी संथपणे करताना दिसतात. त्या संथ हालचालींच्या मुळाशी एक कसलेली युद्धविद्या आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. आणि ती पुस्तकातून का शिकता येत नाही, हे तर शिफूच्या, म्हणजे गुरूच्या, अंगणात उभे राहिल्यावाचून उमगतच नाही.

चिनी युद्धविद्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोधिधर्माचे नाव प्रथम येते. दक्षिण भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात युद्धविद्येचे बीज पेरले ही कथा आपल्या अभिमानाला सुखावणारी खरी. परंतु ज्या ग्रंथाच्या बळावर ती सांगितली जाते तो बोधिधर्मानंतर हजारावर वर्षांनी, सतराव्या शतकात रचलेला आहे, आणि थांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या सुमारास या आख्यायिकेचा निराधारपणा सप्रमाण दाखवून दिला. हेच थांग हाओ पुढे चेनजियागोउला गेले, तेथील कुळाची वंशावळ त्यांनी तपासली आणि नवव्या पिढीतील चेन वांगटिंग या योद्ध्याकडे ताइजीच्युएनचे जनकत्व जाते असा निष्कर्ष काढला. त्यावरही वाद झाले. तथापि आख्यायिकेपेक्षा वंशावळीचे दफ्तर उलगडणारा हा मार्ग मला अधिक आदरणीय वाटतो.

वंशावळीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही, कारण परंपरागत चिनी शिक्षणाचा सारा डोलारा नात्यावर उभा आहे. ‘शिफू’ हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांतील पहिल्याचा अर्थ गुरू आणि दुसऱ्याचा पिता. त्याची पत्नी ती गुरुमाता. आपल्या आधी दीक्षा घेतलेला तो ज्येष्ठ बंधू, मग तो वयाने दहा वर्षांनी लहान का असेना. आणि मागाहून आलेला तो धाकटा. वर्गात येऊन शुल्क भरणारा विद्यार्थी या घरात अद्याप पाहुणाच असतो. काही वर्षे त्याची चिकाटी, त्याची वागणूक, त्याचा राग पारखून घेतल्यावर शिफूची संमती झाली तरच ‘बाइशी’ नावाचा विधी होतो. शिष्य आपले नाव, गाव आणि जन्मतिथी लिहिलेले विनंतीपत्र सादर करतो. त्याची शिफारस करणारा एक आणि त्याच्याबद्दल जामीन राहणारा एक, असे दोघे साक्षीस असतात. पूर्वजांच्या प्रतिमेसमोर आणि शिफूसमोर तो गुडघे टेकून तीनदा मस्तक भूमीला लावतो व दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे धरतो. शिफूने त्या चहाचा घोट घेतला की करार पुरा झाला. आपल्याकडील गायकाच्या घराण्यात जे गंडा बांधून घेतात किंवा तालमीत वस्तादाच्या पायांवर डोके ठेवतात, त्यांना यातील गांभीर्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. चेन घराण्याच्या पहिल्या क्रमात सत्तरांहून अधिक स्थिती आहेत, आणि त्यांचा बाह्य अनुक्रम चलाख मुलगा काही महिन्यांत पाठ करतो. त्यानंतर जे सुरू होते त्याला तेथील लोक ‘न्ये ज्या’ म्हणतात. ‘न्ये’ म्हणजे बोटांनी दाबून माती किंवा कणीक घडविणे, आणि ‘ज्या’ म्हणजे शरीराचा सांगाडा. ‘एकेरी चाबूक’ नावाच्या स्थितीत शिष्य हात पसरून, पाय फाकून उभा आहे आणि आपले बरोबर जमले असे त्याला वाटते आहे, अशा वेळी शिफू मागून येतो, दोन्ही तळवे त्याच्या कमरेवर ठेवतो आणि बोटभर खाली दाबतो. अंगठ्याने छातीचा ताठा मोडतो, वर आलेले कोपर खाली आणतो, गुडघा तसूभर बाहेर वळवतो. एवढ्याशा फरकाने सारा भार मांड्यांवर उतरतो. त्या थरथरू लागतात, घामाचे थेंब जमिनीवर पडतात, आणि शिफू एकच शब्द उच्चारतो: ‘सोंग’, सैल सोड. हे सैल सोडणे म्हणजे ढिले पडणे नव्हे. सांगाडा अभंग ठेवून स्नायूंचा वृथा ताण काढून टाकायचा, जेणेकरून टाचेतून उठलेले बल कमरेच्या वळणाने बोटांपर्यंत अडथळ्याविना पोहोचावे. त्या वळत्या बलाला ते कोशावरून रेशीम उलगडण्याची उपमा देतात: हिसका दिला तर तंतू तुटतो. दुसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा चुकीचाच उभा राहतो आणि तो हात पुन्हा कमरेवर येतो. दोघांनी मनगटाला मनगट लावून परस्परांचा तोल हेरण्याचा जो अभ्यास पुढे असतो, त्यात समोरच्याचे बल स्पर्शाने जाणण्याला चिनी भाषेत ‘बल ऐकणे’ म्हणतात. ज्याने हा शब्द योजिला त्याच्या अनुभवाची सूक्ष्मता मला थक्क करते.

जी विद्या अशी स्पर्शातून उतरते, ती एका पिढीच्या खंडानेही बुडू शकते, आणि चेनजियागोउत हे जवळजवळ घडले होते. १९२८ साली गावातील वस्ताद चेन जाओपी बीजिंगला गेले, त्याच वर्षी त्यांचे चुलते चेन फाखेही तेथे पोहोचले आणि १९५७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. गावात जाणते वस्ताद उरले नाहीत. युद्ध आणि उपासमार यांनी गाव गांजला. पीत नदीच्या जलव्यवस्था खात्यातील नोकरी आटोपून चेन जाओपी १९५८ साली परतले तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते आणि कुळाची विद्या धड करणारे तरुण गावात जवळपास नव्हते. त्यांनी पोरे गोळा केली. पुढे भीषण दुष्काळ आला. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत असल्या विद्या सरंजामी अवशेष ठरल्या, म्हाताऱ्याची जाहीर अप्रतिष्ठा झाली, आणि शिकवणे रात्रीच्या आडोशाला गेले. १९७२ साली ते वारले. त्या पोरांचे शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून चेन फाखे यांचे पुत्र चेन जाओख्वे बीजिंगहून वेळोवेळी गावी येऊ लागले आणि १९८१ मधील आपल्या निधनापर्यंत त्यांनी ते काम केले. चेन श्याओवांग, चेन जेंगलेइ, वांग शीआन आणि जू थ्येन्त्साइ हे त्याच पोरांपैकी चौघे. त्यांनी ही विद्या पुढे देशोदेशी नेली.

२०२० साली युनेस्कोने ताइजीच्युएनला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले. आज त्या खेड्यात मोठमोठ्या शाळा आहेत आणि शेकडो मुले फरसबंदीवर रांगांनी एकाच वेळी फिरतात. त्या पहिल्या क्रमाच्या आरंभीच जी स्थिती येते तिच्या नावात आपल्या ओळखीचा शब्द लपला आहे: ‘जिनगांग’, म्हणजे बौद्ध परंपरेतून चीनला गेलेला वज्रधर, उखळात मुसळ घालतो. उजवी मूठ डाव्या तळव्यात पडते, त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आदळतो. शंभर पायांचा तो आवाज फरसबंदीवर घुमत असता एखाद्या घराच्या मागच्या अंगणात चार-पाच शिष्य तीच स्थिती करीत असतात. मूठ आणि पाय यांच्या आवाजांत किंचित अंतर पडले की शिफू उठतो, एकाच्या मागे जाऊन उभा राहतो आणि त्याच्या कमरेवर हात ठेवतो.